विभूतिपूजा आणि ‘स्मृतिचित्रे’

थोर पुरुषांविषयी लिहू लागलो की आपण मराठी माणसे एक तर हात जोडतो, नाही तर दगड उचलतो. याहून वेगळी रीत ज्या मोजक्या ग्रंथांत साधली आहे, त्यांत लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आम्ही अग्रभागी मानतो. या आत्मचरित्राचा विनोद आणि त्याची घरगुती भाषा यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. परंतु त्यातील चरित्रनायकाकडे पाहण्याच्या दृष्टीचा विचार मात्र तितकासा झालेला दिसत नाही. ती दृष्टी ख्रिस्ती आहे, असे आम्हांस वाटते.

विभूतिपूजेचा कैवार आधुनिक काळात टॉमस कार्लाइलइतक्या आवेशाने क्वचितच कोणी घेतला असेल. १८४० साली लंडन येथे दिलेल्या आणि पुढील वर्षी ग्रंथरूप झालेल्या सहा व्याख्यानांत त्याने देव, प्रेषित, कवी, धर्मोपदेशक, साहित्यिक व राजा अशा सहा रूपांत विभूती उभ्या केल्या. ओडिनपासून नेपोलियनपर्यंत ही मालिका पोहोचते. येशूचे नाव घेणे मात्र त्याने टाळले. सर्वश्रेष्ठ विभूती तीच, पण तिच्याविषयी मौन बरे, असा त्याचा भाव आहे. या मौनात आदर आहे, तशी एक गफलतही आहे. येशूला शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसविले, तरी शिडी जागच्या जागी राहतेच. शुभवर्तमानाने ती शिडीच आडवी केली आहे. शिष्यांचे पाय धुणारा आणि दोन गुन्हेगारांच्या मध्ये क्रूसावर मरणारा गुरू पराक्रमाच्या कोणत्या मापात बसावयाचा?

मग माणसांच्या पूजेविषयी बायबल काय सांगते? ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लुस्त्र नगरातील एक प्रसंग आहे. जन्माचा पांगळा चालू लागलेला पाहून लोक बर्णबाला झूस आणि पौलाला हर्मेस समजू लागले. पुजारी बैल आणि हार घेऊन आला. ते पाहताच दोघांनी अंगावरची वस्त्रे फाडली आणि आम्ही तुमच्यासारखीच माणसे आहोत, असा आकांत केला. नवलाची गोष्ट पुढेच आहे. बाहेरून आलेल्या विरोधकांच्या चिथावणीने तोच जमाव फिरला आणि पौलाला धोंडमार करून, मेला असे समजून, त्याने त्याला नगराबाहेर ओढून टाकले. हार आणि धोंडे यांच्यामध्ये बायबलने जवळजवळ अंतरच ठेवलेले नाही, कारण दोन्हींत समोरच्याला माणूस म्हणून पाहण्याचे नाकारलेले असते. म्हणूनच दावीद राजाचा व्यभिचार आणि पेत्राने गुरूला नाकारणे या गोष्टी त्या ग्रंथाने झाकल्या नाहीत. त्या सांगूनही दोघांना त्यांच्या स्थानावरून खाली ओढले नाही.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्या वेळी नारायण वामन टिळक दिवंगत होऊन पंधरा वर्षे लोटली होती. फुलामुलांचे कवी आणि ख्रिस्ती भजनांचे कर्ते म्हणून त्यांची कीर्ती स्थिर झाली होती. त्यांच्या पत्नीने भक्तिभावाचे एक स्मारक रचले असते, तर कोणी दोष दिला नसता. पण ग्रंथातले टिळक क्षणात संतापणारे, क्षणात विरघळणारे, न सांगता घरातून निघून जाणारे आणि घरात पैसा नसतानाही दुसऱ्याची गरज पाहून हात मोकळा सोडणारे आहेत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीच्या संमतीवाचून. त्यानंतरच्या ताटातुटीची वर्षे लक्ष्मीबाईंनी सौम्य करून सांगितलेली नाहीत. तरीही या माणसाचे मोठेपण वाचकाच्या मनात कोठेही उणावत नाही. उलट ते अधिक पटते, कारण ते दोषांसकट हाती येते.

यावर एक आक्षेप संभवतो. हा सारा विनोद म्हणजे निराळ्या वेषातील विभूतिपूजाच नव्हे काय? पतीच्या लहरींवर वाचक हसतो आणि त्या लहरींची किंमत कोणी मोजली हे विसरतो. आक्षेपात तथ्य आहे. काही ठिकाणी हसू दुःखाच्या पुढे धावते, हे आम्हांसही जाणवले. याच्या उलट, अलीकडे टिळकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून लक्ष्मीबाईंनाच मखरात बसविण्याची वृत्ती दिसते. त्यांना हे मखर मानवले नसते. स्वतःचे सोवळेओवळे, स्वतःचा हट्ट आणि जातीचा अभिमान यांच्याकडे त्या तितक्याच निष्ठुर थट्टेने पाहतात. १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, त्याआधीचा मनातला झगडा त्यांनी कोणाच्याही विजयाची कथा म्हणून रंगविलेला नाही. जे माप पतीला, तेच स्वतःला. या एका मापामुळे त्यांचे हसू क्षमेच्या जवळ जाते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मंडळींना या ग्रंथाची विशेष गरज आहे. परप्रांतात जयंत्या आणि पुण्यतिथ्या हेच मराठीपण टिकविण्याचे साधन होऊन बसते. तसबिरीला हार पडतो, भाषणे होतात आणि चरित्र कपाटातच राहते. सरकारी कचेरीत निरोपसमारंभांची भाषणे वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनाला ही भाषा चांगली परिचयाची आहे. तीत कोणाचे काही बिघडत नाही आणि कोणी काही शिकतही नाही. तरुण पिढीला मात्र एक दिवस झाकलेला दोष कोठेतरी सापडतो आणि ती हारासकट तसबीरच भिरकावून देते. तो राग आम्हांस अगदीच अन्याय्य वाटत नाही. त्याचे बीज आमच्या भाषणांत असते.

टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि त्याचा फार मोठा भाग स्वतः रचला. शालेय शिक्षण न लाभलेल्या आणि पतीचे दोष मनमोकळेपणाने लिहून ठेवणाऱ्या या स्त्रीने त्याचे अर्धे राहिलेले काम आपल्या खांद्यावर घेतले. थोरांविषयीचा आदर म्हणजे काय, असा प्रश्न आम्हांस कोणी केला, तर आम्ही ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून दाखवू.