मेणबत्तीत नेमकं काय जळतं?

पेटलेली मेणबत्ती हळूच फुंकर घालून विझवा. वातीतून पांढुरक्या धुराची एक रेघ वर चढू लागते. आता जळती काडी वातीला न लावता त्या रेघेला लावा, वातीपासून दोन-तीन बोटं वर. आग रेघेवरून खाली धावत येते आणि वात पुन्हा पेटते. डोळ्यांना हे जादूसारखं वाटतं. फोनवर स्लो-मोशनमध्ये शूट केलंत तर ज्योत खाली उतरताना दिसते. (पडदे आणि पंखा यांच्यापासून लांब बसून करा.)

मायकेल फॅरेडेनं हा प्रयोग १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर केला होता. मेणबत्तीवर त्यानं सहा व्याख्यानं दिली. विल्यम क्रुक्सनं ती शब्दशः टिपून घेण्याची व्यवस्था केली आणि १८६१मध्ये त्यांचं पुस्तक काढलं: ‘द केमिकल हिस्टरी ऑफ अ कँडल’. विज्ञानाचं पुस्तक म्हणून त्याचं कौतुक पुष्कळ झालं आहे. मला ते गद्य म्हणून वाचायचं आहे. पदार्थाच्या अवस्था या विषयावर लिहिताना बहुतेकांची भाषा जिथे अडखळते, तिथे या माणसाची भाषा चालू लागते, असं मला वाटतं.

अडखळते म्हणजे काय, ते सांगते. माझी भाची सातवीत आहे. स्थायू, द्रव, वायू हा तीन रकान्यांचा तक्ता तिला पाठ आहे: आकार निश्चित, आकारमान निश्चित, वगैरे. त्याच्या खाली दोन रकाने, भौतिक बदल आणि रासायनिक बदल. मेण वितळणं डावीकडे, मेणबत्ती जळणं उजवीकडे. यात चूक काही नाही. पण तक्ता वाचून कुणालाही वाटेल की मेणबत्ती फावल्या वेळात वितळते आणि मग कधीतरी जळते. ती वितळते म्हणून जळते आणि जळते म्हणून वितळते, हा मधला ‘म्हणून’ तक्त्यात बसत नाही. फॅरेडेचं पहिलं अख्खं व्याख्यान त्या ‘म्हणून’वर उभं आहे.

तो विचारतो, घट्ट मेण तिथे खाली आणि ज्योत इथे वर. मेण ज्योतीपर्यंत पोचतं कसं? ज्योतीच्या उष्णतेनं मेण वितळतं. मग ते चहूबाजूंनी ओघळून का जात नाही? कारण गरम हवा वर चढते, तिच्या जागी बाजूनं थंड हवा येते, आणि ती थंड हवा मेणबत्तीची कडा गार ठेवते. मधलं मेण वितळतं, कडा घट्ट राहते, आणि आपोआप एक वाटी तयार होते. म्हणजे ज्योत स्वतःचं भांडं स्वतःच घडवते. इथे फॅरेडे थोडा तिरकस होतो आणि नक्षीदार, खाचा पाडलेल्या मेणबत्त्यांची थट्टा करतो. दिसायला सुंदर, पण कडा सारखी नसल्यामुळे वाटी नीट होत नाही आणि मेण ओघळतं. वाढदिवसाच्या केकवरच्या पिळाच्या मेणबत्त्या आठवा.

वाटीतलं द्रव मेण वातीतून वर कसं चढतं? इथे ‘केशाकर्षण’ हा शब्द टाकून पुढे जाता आलं असतं. फॅरेडे त्याऐवजी ताटलीत मिठाचा एक खांब उभा करतो आणि ताटलीत निळा रंग दिलेलं मिठाचं संपृक्त पाणी ओततो. पाण्यात आधीच मीठ मुरलेलं असल्यामुळे खांब विरघळत नाही. निळं पाणी कणाकणातून वर चढत जातं, खांब निळा होतो. ताटली म्हणजे मेणबत्ती, मीठ म्हणजे वात, निळं पाणी म्हणजे वितळलेलं मेण. उपमा हातात धरता येते. घरी देवापुढे निरांजन लागत असेल तर थंडीत थिजलेलं तूप फुलवातीभोवतीच आधी कसं पाघळतं ते पाहा, तोच प्रकार आहे.

मग येते वाफ. मेणबत्ती उलटी धरली की वितळलेलं मेण वातीवरून इतक्या वेगानं वाहतं की त्याला तापायला वेळच मिळत नाही, आणि ज्योत विझते. इंधन भरपूर, पण चुकीच्या अवस्थेत. दुसऱ्या व्याख्यानात तो ज्योतीच्या मधल्या काळसर भागात वाकवलेल्या काचनळीचं टोक धरतो. नळीतून जड वाफ बाहेर येते आणि दुसऱ्या टोकाच्या भांड्यात गार होऊन पुन्हा मेणासारखी साचते. हीच वाफ नळीच्या त्या टोकाशी पेटवताही येते. एका मेणबत्तीच्या दोन ज्योती.

इथवर गोष्ट सरळ आहे: स्थायू, द्रव, वायू. पुस्तकातली माझी सर्वांत आवडती जागा यानंतर येते, कारण तिथे हा क्रम उलटतो. ज्योत उजळ का दिसते? नळी ज्योतीच्या उजळ भागात धरली की वाफेऐवजी काजळी येते. काजळी म्हणजे कार्बनचे बारीक कण, म्हणजे चक्क स्थायू. वाफ जळताना मध्येच तिच्यातून घन कण सुटतात, तापून पिवळे चमकतात आणि कडेला पोचल्यावर जळून वायू होतात. हायड्रोजनची ज्योत भयंकर गरम असूनही फिकट असते, कारण तिच्यात चमकायला घन असं काहीच नाही. मेणबत्तीचा जो उजेड आपण पाहतो तो एका स्थायूचा आहे, आणि तो स्थायू क्षणभरच जगतो. तीन रकान्यांच्या तक्त्यात हे कुठे लिहायचं?

तिसऱ्या व्याख्यानात ज्योतीवर थंड भांडं धरून त्यावर जमलेलं पाणी तो दाखवतो, आणि पाण्याच्या रूपांवर वेळ घालवतो. जाड ओतीव लोखंडाच्या बाटल्यांत पाणी भरून, झाकण आवळून, बर्फ आणि मिठात ठेवतो. गोठताना पाणी फुगतं आणि बाटल्या फुटतात. एक घन इंच पाण्याची वाफ साधारण एक घन फूट जागा व्यापते, म्हणजे सुमारे १,७०० पट, हे आकारमान तो डोळ्यांसमोर ठेवतो. या सगळ्यातून जाताना ते पाणीच राहतं, असं तो बजावतो. विजेनं त्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन करेपर्यंत. भौतिक आणि रासायनिक बदलांतला फरक त्याच्या श्रोत्यांना इथे कळतो, व्याख्येची गरज न पडता.

हा माणूस अवस्थांबद्दल एवढ्या भरवशानं बोलू शकतो, कारण त्या सीमांवर त्यानं आयुष्य घालवलं होतं. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला, त्यात जेन मार्सेट यांचं संवादरूपातलं रसायनशास्त्रही होतं. १८२३मध्ये त्यानं बंद काचनळीत क्लोरीन वायूचा द्रव केला. अशा प्रयोगांत नळ्या फुटून काचेचे तुकडे त्याच्या डोळ्यांत गेले. पुढे १८४५पर्यंत त्यानं आणखी कितीतरी वायू द्रवरूपात आणले. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन असे काही मात्र बधेनात, त्यांना ‘कायमचे वायू’ म्हणत. ऑक्सिजन १८७७मध्ये नमला, हायड्रोजन १८९८मध्ये, तोही याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, जेम्स ड्यूअरच्या हाती. ‘कायमचा’ हे विशेषण कुठल्याही पदार्थाला लावू नये हे फॅरेडेला नळीनंच शिकवलं असणार.

आता तक्रारी. पहिली, पुस्तक ‘कसं’ सांगतं, ‘का’पाशी थांबतं. वितळताना किंवा वाफ होताना आत काय घडतं? फॅरेडे ‘कण’ म्हणतो, पण रेणूंच्या हालचालीची गोष्ट सांगत नाही. घन गोळ्यांसारख्या अणूंवर त्याचा विश्वास नव्हता, १८४४मध्ये त्यानं तसं जाहीरपणे लिहिलंही होतं. या व्याख्यानांच्या काही महिने आधी, सप्टेंबर १८६०मध्ये, अणू आणि रेणू म्हणजे नक्की काय यावर एकमत होईना म्हणून युरोपातले रसायनशास्त्रज्ञ कार्ल्सरूहला जमले होते. तेव्हा त्याला दोष देणं कठीण आहे. पण आजच्या वाचकाला इथे दुसरं पुस्तक शेजारी लागेल.

दुसरी तक्रार मला जास्त टोचते. मेणबत्तीचं मेण येतं कुठून? तो सांगतो: गुरांची चरबी, व्हेलच्या डोक्यातलं मेण, आयर्लंडच्या दलदलीतून काढलेलं पॅराफिन, आणि जपानी मेण. जपानविषयी बोलताना तो सहज म्हणून जातो की त्या आडबाजूच्या देशात आपण बळानं शिरलो, तेव्हापासून हे मिळू लागलं. एका वाक्यात सगळं मोकळं. मेणाच्या वाटीची कडा का टिकते यावर पानंच्या पानं लिहिणारा हा निरीक्षक बंदुकीच्या धाकानं उघडलेल्या बंदरांवर मात्र अर्धं वाक्य खर्चतो. १७८२मध्ये बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ जहाजातून वर काढलेली मेणबत्ती तो मोठ्या कौतुकानं पेटवून दाखवतो. इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही चरबी वितळताच पूर्ववत होते, हे खरंच सुंदर आहे. त्या जहाजाबरोबर शेकडो माणसं बुडाली होती, त्यांचा विचार त्याच्या बोलण्यात येत नाही. पदार्थांकडे इतकं प्रेमानं पाहणाऱ्या गद्यात माणसं कमी आहेत.

आणि शेवट. सहाव्या व्याख्यानात तो आपला श्वास आणि मेणबत्तीचं जळणं ही एकच रसायनक्रिया असल्याचं दाखवतो. कार्बन जळून वायूच होतो, घन राख होऊन शेगडीत किंवा छातीत साचत नाही, म्हणून आपण चालू राहतो. पुस्तक इथेच थांबायला हवं होतं. तो मात्र मुलांना मेणबत्तीसारखं व्हा असा उपदेश करतो. सहा व्याख्यानं जी मेणबत्ती फक्त मेणबत्ती होती, ती शेवटच्या मिनिटाला सुविचार होते.

हे वाचताना मला आपल्या क्रियापदांचा हेवा वाटला. तूप थिजतं, पाणी गोठतं, रक्त साखळतं, दूध आटतं, पाक येतो. मीठ विरघळतं आणि मेण वितळतं. (भाची ‘साखर पाण्यात वितळली’ म्हणाली की आजी अजून टोकते, आणि रसायनशास्त्रानुसार आजीचंच बरोबर.) थिजणं आणि गोठणं यांतला भेद तर अगदी नेमका आहे. तूप हे अनेक मेदांचं मिश्रण, त्याला एक ठरलेला गोठणबिंदू नाही. ते हळूहळू रवाळ होत दाट होतं. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठतं. ओट्यापाशी हा फरक शब्दांत तयार आहे. मराठीतलं विज्ञानलेखन मात्र ‘अवस्थांतर होते’ असं लिहून मोकळं होतं. फॅरेडेसारखं पुस्तक मराठीत लिहायचं तर शब्द नवे घडवावे लागणार नाहीत. नामं थोडी कमी करावी लागतील.

ज्या देशाला फॅरेडेनं आडबाजूचा म्हटलं, तिथे हे पुस्तक पुढे मुलांच्या हाती गेलं. २०१६चं वैद्यकाचं नोबेल मिळालेले योशिनोरी ओसुमी आणि २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले अकिरा योशिनो, दोघांनीही लहानपणी वाचलेलं पुस्तक म्हणून याचंच नाव घेतलं. योशिनोंना ते प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेनं सुचवलं होतं. पुस्तकाचे हक्क केव्हाच संपले आहेत, नेटवर ते फुकट मिळतं. इंग्रजी जुनं आहे पण बोलतं आहे. पहिल्या व्याख्यानाची सुरुवातीची पानं मेणबत्ती बनवण्याच्या तपशिलांत जातात, ती भराभर ओलांडा. दुसरं व्याख्यान अंधारात, समोर मेणबत्ती लावून वाचा. स्टीलचा थंड चमचा ज्योतीच्या थोडा वर क्षणभर धरलात तर त्यावर धुकं येईल. तो ज्योतीत खाली नेलात तर काळा होईल.