नाकतोडे शिकागोवर चालून येतात तेव्हा

‘बिगिनिंग ऑफ द एंड’ हा १९५७ सालचा अमेरिकी भयपट. दिग्दर्शक बर्ट गॉर्डन. किरणोत्सारी पदार्थ वापरून वाढवलेले अन्न खाऊन नाकतोडे राक्षसी होतात आणि शिकागोवर चाल करतात. पैसा बेताचा, म्हणून इमारतींच्या छायाचित्रांवर खरेखुरे नाकतोडे सोडून चित्रण केले.

भीतीसाठी आम्ही दहापैकी दोनच गुण देऊ. कारण हे नाकतोडे फारच हलके चालतात. समजा, ५ सेंटिमीटरचा नाकतोडा ५ मीटरचा झाला. लांबी १०० पट, पायांच्या छेदाचे क्षेत्रफळ १०,००० पट. वजन मात्र १०,००,००० पट! म्हणजे पायाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर १०० पट भार. असा प्राणी उभाही राहणार नाही. पडद्यावरची चपळाईच त्याचे खरे आकारमान सांगून टाकते.

मग हा चित्रपट टाकाऊ आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. ‘हे खोटे’ म्हणून हसणे सोपे. का खोटे, हे दाखवायला गणित लागते. विद्यार्थ्यांना त्यातला एखादा प्रसंग दाखवा आणि हिशेब त्यांनाच करू द्या. धडा म्हणून आमचे आठ गुण.