प्रशस्तीची उसनवारी : भोगवर्धन-विषयातील एक दानपत्र

ताम्रपटाचे वाचन आपल्या अभ्यासव्यवहारात दोघांनी वाटून घेतले आहे. इतिहासकार त्यातून वंशावळ, तिथी आणि ग्रामनामे उचलतो. भाषाभ्यासक अक्षीच्या शिलालेखाच्या (1012) वाटेने मराठी वाक्य धुंडाळतो. उरते ती राजाची प्रशस्ती. ‘सांकेतिक’ असा शिक्का मारून दोघेही ती बाजूला सारतात. वास्तविक वाङ्मयीन प्रश्न तिथेच उभा राहतो.

कलचुरी शंकरगणाचा अभोणे ताम्रपट (597) या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. उज्जयिनीच्या तळावरून दिलेल्या या दानपत्राने भोगवर्धन-विषयातील वल्लिसिका गावची 100 निवर्तने जमीन एका ब्राह्मणाला दिली. भोगवर्धन म्हणजे आजचे भोकरदन. याच नगराचे दाते इसवी सनापूर्वी सांचीच्या स्तूपावर आपले नाव-गाव कोरून थांबले होते. त्या त्रोटक दानलेखांना राजाची गरज वाटली नव्हती. शंकरगणाच्या पटात मात्र जमिनीपर्यंत पोचण्याआधी विशेषणांचे अरण्य ओलांडावे लागते.

आणि ही विशेषणे त्याची नव्हेतच. कुबेर, वरुण, इंद्र आणि यम यांच्याशी बरोबरी, इतर राजवंशांची पुनःस्थापना हे सारे हरिषेणाने समुद्रगुप्तासाठी प्रयागच्या स्तंभावर सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी योजले होते. याला वाङ्मयचौर्य म्हणणे म्हणजे स्वच्छंदतावादी काव्यविचाराचा मापदंड सहाव्या शतकाला लावणे होय. प्रयागची प्रशस्ती स्तंभावर, सर्वांसमोर होती. ताम्रपट दानग्राहकाच्या घरी राहणार, वाद उद्भवला तरच बाहेर येणार. अशा संहितेत नावीन्य हा दोषच ठरण्याचा संभव अधिक. ओळखीची शब्दावली हीच दुसरी राजमुद्रा. शिवाय गुप्तांचे साम्राज्य मोडल्यावर त्यांची भाषा बोलणे हा वारसाहक्क सांगण्याचाच प्रकार होता. नॉर्मंडीच्या ड्यूकांच्या अकराव्या शतकातील अनेक दानपत्रांचे मसुदे दान घेणाऱ्या मठांत तयार होत. तिथे सत्तेला शब्द पुरवी तो मठ. इथे तो पुरवला एका अस्तंगत घराण्याने.

अर्थात संकेत निरागस नसतो, आणि तो सर्वज्ञही नसतो. चालुक्य मंगलेशाच्या महाकूट स्तंभलेखात (602) शंकरगणाचा पुत्र बुद्धराज याला जिंकून त्याची संपत्ती हरण केल्याचे म्हटले आहे. त्यानंतर 608 मध्ये बुद्धराजाने विदिशेच्या तळावरून वडनेरचे दानपत्र दिले. तीत पराभवाचा शब्द नाही. पित्याच्या नावामागे समुद्रगुप्ताची तीच विशेषणे पुन्हा उभी आहेत. हे असत्यकथन म्हणून सोडून द्यावे, तर हाती केवळ तिथी राहते. प्रकारविशिष्ट मौन म्हणून वाचले, तर दानपत्राच्या भाषेत कोणती घटना मुळात उच्चारताच येत नव्हती, हे कळू लागते.