नव्या सागरी मत्स्यालयाचे सल्ले : एक चिकित्सा

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय नव्याने मांडणाऱ्याला सल्ल्यांची वाण कधीच नसते. दुकानात टाकीबरोबर पत्रक मिळते, छंदाच्या पुस्तकात 'सुरुवात करताना' असे पहिलेच प्रकरण असते आणि आधी टाकी ठेवलेला एखादा शेजारी तर हमखास भेटतो. तरीही नव्या टाकीतले मासे पहिल्या काही आठवड्यांतच मरतात ही तक्रार जुनी आहे. हौशी मंडळींनी तिला 'नव्या टाकीचा विकार' असे नावही देऊन ठेवले आहे. सल्ला एवढा मुबलक, आणि मासे मात्र जगत नाहीत, हे कसे?

आमच्या मते दोष सल्ला न पाळणाऱ्याचा कमी आणि सल्ल्याच्या घडणीचा जास्त आहे. या सल्ल्यांत नियम असतो, कारण नसते. कारण ठाऊक नसलेला नियम कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे पाळणाऱ्याला कळू शकत नाही. वारंवार ऐकू येणारे असे चार सल्ले येथे तपासायचे आहेत. शाळेत मत्स्यालय ठेवू पाहणाऱ्या शिक्षकांना त्याचा उपयोग व्हावा. ज्यांना ते ठेवायचे नाही त्यांनीही पुढे वाचावे, कारण वर्गात आपण नायट्रोजन चक्र कसे शिकवतो हा प्रश्नही यात गुंतलेला आहे.

'एक दिवस पंप चालवा, मग मासे सोडा'

हा सल्ला अर्धा खरा आहे. एका दिवसात मीठ पूर्ण विरघळते, पाण्याचे तापमान स्थिरावते, पाणी नितळ दिसू लागते. पण माशाचा जीव घेणारी गोष्ट नितळ पाण्यातही असते. मासा आपल्या शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ पदार्थ मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजून त्यात भर पडते. समुद्रात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. काचेच्या पेटीत तो साठतो.

खाऱ्या पाण्यात हा धोका अधिक आहे. पाण्यातील अमोनियाचा एक भाग अमोनियम आयनाच्या रूपात असतो व तो तुलनेने निरुपद्रवी आहे. उरलेला मुक्त अमोनिया विषारी असतो. या दोहोंचे प्रमाण पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ठरवतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर मुक्त अमोनिया शेकडा अर्धा टक्का असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो, तेथे तो सहा-सात टक्के होतो. एकूण अमोनिया तेवढाच असताना विषाची मात्रा दहापटीहून अधिक वाढते. गोड्या पाण्यात खपून गेलेली चूक खाऱ्या पाण्यात खपत नाही ती म्हणून.

हा अमोनिया निकामी करण्याचे काम सूक्ष्मजीव करतात. काही जण अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट. वाळूवर, दगडांवर आणि गाळणीच्या स्पंजावर त्यांची वस्ती असते. नव्या टाकीत ही वस्तीच नसते. ती सावकाश वाढते, कारण या सूक्ष्मजीवांना संख्या दुप्पट करायला अनुकूल स्थितीतही कित्येक तास, पुष्कळदा दिवसभर लागतो. म्हणून वाट पाहायची ती एक दिवस नव्हे, तर साधारणपणे तीन ते सहा आठवडे.

हे ज्ञान नवे नाही, आणि म्हणूनच सल्ल्यातील उणीव अधिक खटकते. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने दोन सोनमासे, एक पाणवनस्पती आणि काही गोगलगायी एका पात्रात दीर्घकाळ जगवून दाखवल्या. वनस्पती प्राणवायू देते, मासे कर्बवायू देतात आणि कुजणारी पाने गोगलगायी फस्त करतात, असा हा 'संतुलित पात्रा'चा हिशेब होता. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले, १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचे 'द अॅक्वेरियम' हे पुस्तक आले आणि हा छंद घरोघर पोचला. प्राणवायू आणि कर्बवायू यांच्या त्या हिशेबात अमोनियाला मात्र जागा नव्हती.

ती जागा १८७७ मध्ये सापडली. श्लेसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपू दिले. सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. त्यानंतर नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. म्हणजे ती करणारे सजीव होते. वाळूची नळी म्हणजे मत्स्यालयाची गाळणीच, आणि ते वीस दिवस म्हणजे नव्या टाकीचे पहिले आठवडे. नायट्रीकरण दोन टप्प्यांत व दोन वेगळ्या जीवांकडून होते, हे पुढे रोदॅमस्टेड येथे दाखवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच होते. संतुलित पात्राच्या जनकाचा तो मुलगा. १८९० साली विनोग्राडस्की यांनी हे जीवाणू वेगळे करून दाखवले. मुलाचे उत्तर शेतीच्या शास्त्रात गेले. बापाचा अपुरा हिशेब मात्र दुकानातल्या पत्रकात टिकून राहिला.

'सुरुवातीला स्वस्त आणि काटक मासे सोडा'

या सल्ल्याला निदान कारण तरी आहे. सूक्ष्मजीवांची वस्ती वाढायला अमोनिया हवा, मासा तो पुरवतो, आणि डॅम्सेल जातीचे काही लहान मासे हा त्रास सोसून तगतात. पण त्याच्यावर आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला आक्षेप सरळ आहे : अमोनिया हवा असेल तर अमोनिया घालावा, मासा कशाला? मोजून घातलेले अमोनियम क्लोराइड किंवा कुजायला ठेवलेला कोळंबीचा तुकडा तेच काम करतो, आणि कोणाचे कल्ले भाजत नाहीत.

दुसरा आक्षेप परिसरशास्त्रातील आहे. बरेच डॅम्सेल मासे आपली हद्द राखून राहतात. जो आधी आला त्याची हद्द आधी ठरते. महिनाभर रिकाम्या टाकीचा मालक झालेला हा मासा नंतर येणाऱ्या शांत माशांना टिकू देत नाही. माशांचा क्रम त्यांच्या किमतीवरून ठरवायचा नसतो. शांत आणि बुजरे मासे आधी, हद्द राखणारे शेवटी, हा खरा क्रम.

'दर इतक्या लिटरला इतके सेंटिमीटर मासा'

हा नियम गणितासारखा दिसतो, म्हणून तो अधिक फसवा आहे. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, सुमारे आठपट होते. ३ सेंटिमीटरचे दहा मासे आणि ३० सेंटिमीटरचा एक मासा नियमाच्या दृष्टीने सारखेच. पण आकार तोच धरला तर मोठ्या माशाचे वजन त्या दहांच्या एकत्रित वजनाच्या शंभरपट भरेल. चयापचय वजनाच्या थेट प्रमाणात वाढत नाही, थोडे कमी वाढते, हे मान्य केले तरी फरक वीसेक पटींचा राहतो. आठवीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवण्यासारखे हे उदाहरण आहे.

शिवाय नियमात 'मासा' म्हणजे आजचा की उद्याचा, हे सांगितलेले नसते. दुकानात पाच सेंटिमीटरचा दिसणारा निळा टँग मासा पूर्ण वाढल्यावर तीस सेंटिमीटरपर्यंत जातो. आणि उष्ण खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो : २७ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेसहा. लांबीच्या नियमाला यातले काहीच ठाऊक नसते.

त्याऐवजी विचारायचे प्रश्न तीन : पूर्ण वाढलेला मासा किती मोठा, तो किती पोहतो, आणि आज टाकीत असलेले सूक्ष्मजीव किती अमोनिया रोज पचवतात? सूक्ष्मजीवांची वस्ती मिळणाऱ्या अन्नाइतकीच असते. म्हणून एका वेळी एक-दोनच मासे सोडावेत, आणि पुढचे दोन-तीन आठवड्यांनी.

'रंगसंगती पाहून निवडा'

चौथा सल्ला पत्रकावर क्वचितच छापलेला असतो, पण दुकानाची मांडणीच तो देत असते. मँडरिन मासा हा सागरी माशांतील अतिशय देखण्या माशांपैकी एक. तो दिवसभर खडकांवरचे सूक्ष्म कवचधारी जीव टिपत असतो आणि तयार खाद्याकडे बहुधा पाहतही नाही. नव्या टाकीत असे जीव नसतात. अमोनिया शून्य असला, तरी हा मासा हळूहळू उपासमारीने मरतो.

नव्या माशाला थेट मुख्य टाकीत सोडणे हीही याच वृत्तीतली चूक. 'क्रिप्टोकॅरिऑन' हा परजीवी माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठवतो. तो माशावरून गळून तळाशी कोश करतो आणि त्या एका कोशातून शेकडो पिल्ले बाहेर पडतात. समुद्रात त्यांतील बहुतेकांना मासा भेटतच नाही. टाकीत तो हातभर अंतरावर असतो. म्हणून नवा मासा निदान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे, ही सावधगिरी चैनीची नव्हे.

मासा आला कुठून, हेही विचारले पाहिजे. शोभेचे सागरी मासे अजूनही मोठ्या प्रमाणावर प्रवाळक्षेत्रांतून पकडले जातात. बांगाई कार्डिनल मासा मूळचा फक्त इंडोनेशियातील बांगाई बेटांच्या परिसरातला. शोभेच्या व्यापारासाठी तो इतका पकडला गेला की २००७ साली त्याची गणना संकटग्रस्त प्रजातींत झाली. गॉस यांच्या पुस्तकानंतर इंग्लंडच्या किनाऱ्यावरील डबकी हौशी संग्राहकांनी कशी उजाड केली, याची खंत त्यांच्या मुलाने, एडमंड गॉस यांनी, १९०७ च्या आपल्या पुस्तकात नोंदवली आहे. आपल्याकडे क्लाउन माशांची पैदास करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. नवशिक्याने असे पैदास केलेले मासेच मागावेत. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा आणून टाकीत मांडणे हा गुन्हा ठरतो.

आणि आपले पाठ्यपुस्तक?

पत्रकांना नावे ठेवताना आपल्या घरातही डोकावले पाहिजे. पाठ्यपुस्तकातील नायट्रोजन चक्राच्या आकृतीत अमोनियाकडून नायट्राइटकडे आणि तेथून नायट्रेटकडे बाण जातो. आकृती चुकीची नाही. पण तिच्यात काळ नाही आणि प्रमाणही नाही. हा बाण नव्या टाकीत काही आठवडे अस्तित्वातच नसतो, हे आकृती पाहून कळत नाही. परीक्षेत ती बिनचूक काढणारा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी नव्या टाकीत सहा मासे सोडू शकतो. बाणांवरची नावेही अंतिम नाहीत. २००५ साली सिअॅटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातील सागरी टाकीतून अमोनियाचे नायट्राइट करणारा एक सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला. तो जीवाणू नव्हता, आर्किया या वेगळ्याच गटातला होता.

यावर आम्ही एक प्रयोग सुचवतो. दोन सारख्या बादल्यांत सागरी मिठाचे पाणी, धुतलेली वाळू आणि हवेचा पंप ठेवावा. एकीत जुन्या, निरोगी टाकीतली मूठभर वाळू घालावी, दुसरीत घालू नये. दोन्हींत सारख्या वजनाचा कोळंबीचा तुकडा ठेवावा. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणी संचाने अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट दर दोन दिवसांनी मोजून आलेख काढावा. अमोनिया चढून उतरेल, मग नायट्राइट चढून उतरेल, नायट्रेट वाढत राहील. दोन बादल्यांतील दिवसांचा फरक विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावा. या प्रयोगात मासा लागत नाही.

मत्स्यालय त्यानंतर मांडावे. अमोनियाची ठरलेली मात्रा घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर टाकी तयार झाली असे समजावे. मग थोडे पाणी बदलून साठलेले नायट्रेट कमी करावे आणि पहिला मासा सोडावा. ज्या विद्यार्थ्याने तो आलेख काढला असेल, त्याला पत्रकातल्या नियमांची फारशी गरज पडणार नाही. पडलीच, तर कोणता पाळायचा हे तो आपले आपण ठरवील.