'स्वस्त आणि मस्त' कोणासाठी?

लॉरा गॅबर्टची 'सिटी ऑफ गोल्ड' (2015) ही डॉक्युमेंटरी बघताना भूक लागतेच. लॉस एंजेलिसचा जोनाथन गोल्ड हा पुलित्झर मिळवणारा (2007) पहिला रेस्टॉरंट-समीक्षक. थाई, मेक्सिकन, इथिओपियन लोकांच्या साध्या खाणावळींबद्दल तो बड्या हॉटेलांइतक्याच गांभीर्याने लिहायचा. त्या खाणावळी चालवणारी माणसं फिल्ममध्ये भेटतात, हे तिचं मोठं यश.

पण हे जेवण इतकं स्वस्त का, या प्रश्नापाशी फिल्म फारशी रेंगाळत नाही. कृष्णेंदू राय यांचं 'द एथ्निक रेस्टॉरेटर' (2016) नेमकं तिथे बोट ठेवतं. गरीब स्थलांतरितांचं जेवण स्वस्तच असावं, असं गिऱ्हाईक धरून चालतं. फ्रेंच जेवणाला मात्र निमूट पैसे मोजतं. जपान श्रीमंत झाला, तसा अमेरिकेत जपानी जेवणाचाही भाव वधारला. भात आणि मासा तेच, पत बदलली.

म्हणून ॲपवर पाच स्टार देऊन 'पैसा वसूल' लिहिताना एवढं बघावं: आपले पैसे वाचले, ते मालकाच्या हुशारीमुळे, की गल्ल्यावर आणि भांड्यांपाशी राबणाऱ्या त्याच्या घरच्यांना पगारच नाही म्हणून? गोल्डने आपल्याला चव घ्यायला शिकवलं. बिल वाचायला राय शिकवतात.