खोताचीवाडी : पाहण्याची घरे की राहण्याची?

मुंबईच्या वास्तुवैभवाविषयी लिहू लागले की लेखणी प्रथम फोर्ट विभागाकडे वळते, आणि ते स्वाभाविक आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रचलेले, १८७८ ते १८८८ या काळात उभे राहिलेले रेल्वे स्थानक, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींनाही तो मान लाभला. या गौरवाविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच की, त्याच मापाने गिरगावातील खोताचीवाडी मोजता येईल काय?

दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ही वाडी वसली, आणि त्यांचेच नाव तिला लाभले. ईस्ट इंडियन कॅथोलिक कुटुंबांनी तेथे घरे बांधली. योगायोग असा की, १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्या स्थानकाला राणीचे नाव मिळाले, आणि त्याच वर्षी आपल्या या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. नावे एकाच प्रसंगाने आली. वास्तूंचा स्वभाव मात्र सर्वस्वी निराळा राहिला.

स्थानकाची रचना दुरून पाहणाऱ्यासाठी आहे. त्याचा घुमट, दगडात कोरलेली पाने, पक्षी आणि प्राणी पाहणाऱ्याला थक्क करतात. साम्राज्याला तेच हवे होते. खोताचीवाडीतील घर याच्या उलट आतून बाहेर पाहणाऱ्यासाठी बांधलेले आहे. उतरते कौलारू छप्पर, वळचणीला लाकडी नक्षीची झालर, वर सज्जा, खाली गल्लीला लागूनच व्हरांडा. लाकडी झडपांतून वारा खेळतो आणि मुंबईचा पाऊस बाहेरच राहतो. जिना पुष्कळदा घराच्या बाहेरून जातो. त्यामुळे आतली जागा मोकळी राहते आणि वरच्या मजल्यावर वेगळा संसार थाटता येतो. हे सौंदर्य गरजेतून आले आहे, म्हणूनच ते कृत्रिम वाटत नाही.

माझ्या मते या घराचा प्राण व्हरांड्यात आहे. तो धड घरात नाही, धड रस्त्यावर नाही. तेथे बसलेल्या आजीला येणाराजाणारा ओळखता येतो. शेजाऱ्याला आत न बोलावताही त्याची विचारपूस होते. वाडीतल्या क्रुसापुढे जपमाळ होते तेव्हा हे व्हरांडेच प्रार्थनास्थळाची बाके होतात. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला ‘घरगुती ख्रिस्तसभा’ म्हटले. त्या कल्पनेला येथे लाकूड आणि कौले लाभली आहेत.

तथापि केवळ हळहळ व्यक्त करणे म्हणजे समीक्षा नव्हे. या घरांना वाळवी लागते, पावसाळ्यात भिंती ओल धरतात, जुने लाकूड महाग पडते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, आणि भाडेकरू असलेल्या अनेक जुन्या घरांच्या मालकांना त्या उत्पन्नातून दुरुस्ती झेपेनाशी झाली. वाडीत एके काळी साठाहून अधिक घरे होती. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. १९९५ च्या वारसा नियमावलीने मुंबईतील वास्तूंची तीन श्रेणींत वर्गवारी केली, हे मोठेच काम झाले. पण नियम पाडणाऱ्याचा हात धरू शकतो. गळके कौल तो बदलत नाही. चार भाऊबहिणींत एकच घर असलेल्या कुटुंबाला दोष देण्याचा अधिकार, लांबून छायाचित्र काढणाऱ्याला तर मुळीच नाही.

म्हणून वारशाचा निकष दर्शनी भागापुरता ठेवणे मला अपुरे वाटते. नक्षी जपून आतली माणसे निघून गेली, तर उरेल ते संग्रहालय. आणि जेथे नवी इमारत अटळच असेल, तेथे आपल्या कुटुंबांनी वास्तुविशारदापुढे एक मागणी तरी ठेवावी: तळमजल्यावर केवळ मोटारी नकोत, चार वृद्धांना बसता येईल असा ओटा हवा, आणि क्रूस कुंपणाच्या कोपऱ्यात न ढकलता येण्याजाण्याच्या वाटेवर असावा. नवे चर्च बांधताना संगमरवराचा भाव विचारणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनीही हाच धडा गिरवायला हवा. मिस्सा संपल्यावर लोक जेथे थांबून एकमेकांशी बोलतात, ती सावलीची जागा नकाशात आधी आखली पाहिजे.