व्याघात, अनुमान आणि महाडच्या तळ्याचा दावा

परस्परविरोधी विधाने एकत्र आली असता अनुमानाचे काय होते, हा प्रश्न तर्कशास्त्राइतकाच जुना आहे. त्याचा स्वतंत्र विचार करणारी एक शाखा विसाव्या शतकाच्या मध्यापासून वाढीस लागली. पेरू देशातील तत्त्वज्ञ फ्रान्सिस्को मिरो केसादा यांनी १९७६ मध्ये तिला ‘पॅराकन्सिस्टंट’ हे नाव सुचविले. मराठीत तिला व्याघातसहिष्णू तर्कशास्त्र म्हणता येईल. या शाखेविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की व्याघात सहन करणारे तर्कशास्त्र म्हणजे बेशिस्त विचाराला दिलेला परवानाच होय. दुसरे असे, की यात नवे काही नाही, आपल्या स्याद्वादाने हे सर्व पूर्वीच सांगून ठेवले आहे. ही दोन्ही मते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम अडचण कोणती ते पाहू. प्रचलित तर्कशास्त्रात ‘अ’ आणि ‘अ नाही’ ही दोन्ही विधाने मान्य केली, की कोणतेही विधान सिद्ध करता येते. रीत सोपी आहे. ‘अ’ खरे असेल, तर ‘अ किंवा ब’ हेही खरे. पण ‘अ नाही’ हेही आपण मानले आहे, म्हणून ‘ब’ खरे. हा ‘ब’ कोणताही असू शकतो. समजा, पावसाळ्यात पोलादपूरच्या एखाद्या कचेरीत दोन खबरी आल्या: आंबेनळी घाट चालू आहे, आणि आंबेनळी घाट बंद आहे. वरील नियमाप्रमाणे तेथील कारकुनाने सावित्री नदी समुद्राकडून महाबळेश्वराकडे वाहते, असाही निष्कर्ष काढावयास हवा. तो तसे करीत नाही. घाटाविषयीचा निर्णय तो राखून ठेवतो आणि बाकीची माहिती पूर्ववत् वापरतो. या वागण्याला बेशिस्त म्हणता येणार नाही. उलट, असे वागणे ज्या नियमांत बसत नाही, ते नियमच अपुरे आहेत, असे म्हणावे लागेल.

ही अपूर्णता दूर करण्याचे मार्ग अनेक आहेत. पोलंडचे यास्कोव्स्की यांनी १९४८ मध्ये वादसभेचा नमुना पुढे ठेवला. सभेत प्रत्येकाचे विधान नोंदले जाते, पण दोघांची विरुद्ध विधाने जोडून एक संयुक्त विधान करण्याची मुभा नसते. ब्राझीलचे न्यूटन दा कोस्टा यांनी १९६३ मध्ये ज्या विधानांबाबत विसंगती नाही, ती वेगळी दाखविण्याची सोय केली. त्यांच्यापुरते जुने नियम कायम राहतात. बेलनॅप यांनी १९७७ मध्ये माहितीच्या चार अवस्था मानल्या: केवळ होकार आला, केवळ नकार आला, दोन्ही आले, काहीच आले नाही. यांतील तिसरी अवस्था म्हणजे वस्तूच परस्परविरोधी आहे असे नव्हे. आपल्यापर्यंत आलेली माहिती तशी आहे, एवढेच. बेशिस्तीचा आक्षेप घेणारे नेमका हाच भेद विसरतात.

आता दुसरे मत. स्याद्वादातील ‘स्यात्’ हे पद विधानाला अपेक्षा जोडते: एका दृष्टीने आहे, दुसऱ्या दृष्टीने नाही. दृष्टी निराळ्या झाल्या, की व्याघात उरतच नाही. म्हणजे या वाचनानुसार स्याद्वाद व्याघात सहन करीत नाही, तो विरघळवितो. नव्या शाखेशी खरे साधर्म्य शोधावयाचे, तर ते अन्यत्र सापडते. न्यायशास्त्रातील सत्प्रतिपक्ष या हेत्वाभासात तुल्यबळ विरोधी हेतू समोरासमोर आले, की दोन्ही अनुमाने अडतात. त्यांतून वाटेल ते निष्पन्न होत नाही. मीमांसकांनी समबल विधि-निषेधांच्या प्रसंगी विकल्प मानला, पण त्यात आठ दोष दाखवून तो अखेरचाच उपाय ठरविला. पूर्वसूरींचे श्रेय या सूक्ष्म विवेचनात आहे. सरसकट ‘आमच्याकडे होतेच’ म्हटल्याने ते वाढत नाही.

या सर्व विवेचनाची कसोटी प्रत्यक्षात कशी लागते, हे तत्कालीन कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातील महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात पाहावयास मिळते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसाच ठराव केला. व्यवहारात मात्र बंदी कायम राहिली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली तळ्याचे पाणी घेतले गेले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात काही सवर्ण रहिवाशांनी दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. त्याच महिन्यात सत्याग्रहासाठी जमलेल्यांपुढे ‘आमचा हक्क आहे’ आणि ‘न्यायालयाची मनाई आहे’ या दोन्ही गोष्टी उभ्या होत्या. हक्क नाहीच, असे त्यांनी मानले नाही; आता काहीही क्षम्य आहे, असेही मानले नाही. पाणी घेणे स्थगित ठेवले, हक्काचे प्रतिपादन चालू ठेवले. व्याघात असतानाही अनुमान शिस्तीत कसे चालते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

पुढे वादपत्र आणि कैफियत ही एकाच दप्तरात जवळजवळ दहा वर्षे राहिली. यास्कोव्स्कींची वादसभा ती हीच. परंतु येथेच त्या नमुन्याची मर्यादाही दिसते. विरोधी विधाने सुरक्षित कशी ठेवावीत, हे तो सांगतो. निवाडा कसा करावा, हे सांगत नाही. निवाडा झाला तो सिद्धतेचा भार कोणावर, या नियमाने. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अनादी कालापासून चालत आलेली म्हणून सांगितलेली रूढी वादी सिद्ध करू शकले नाहीत.

भाषेच्या अभ्यासकाला या वादात आणखी एक गोष्ट जाणवते. ‘ते तळ्याचे पाणी घ्यायचे नाहीत’ आणि ‘त्यांनी तळ्याचे पाणी घ्यायचे नाही’ या दोन वाक्यांत क्रियारूप जवळजवळ एकच आहे. पहिल्यात कर्ता प्रथमेत असून वाक्य भूतकाळातील रिवाज सांगते. दुसऱ्यात कर्ता तृतीयेत असून वाक्य निषेध सांगते. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. पाणी घेतले जात नव्हते, एवढ्याने घेण्याचा अधिकार नव्हता हे ठरत नाही. वादींच्या दाव्याचे मर्म या दोन नकारांच्या गल्लतीत होते. विसंगत माहिती हाताळताना विधाने खरोखरच विरोधी आहेत की नकाराचे क्षेत्र बदलले आहे, हे आधी पाहिले पाहिजे; आणि हे काम चिन्हांकित तर्कशास्त्र आपल्यासाठी करून देत नाही.

शेवटी ‘सहिष्णुता’ या शब्दाविषयी. सवर्णांप्रमाणे मुसलमानही ज्या तळ्याचे पाणी वापरीत, तेथे अस्पृश्य हिंदूंच्या स्पर्शाने मात्र ते विटाळे. ही विसंगती समाजाने पिढ्यान् पिढ्या सहन केली. ती सहनशीलता आणि दा कोस्टा किंवा बेलनॅप यांना अभिप्रेत असलेली सहिष्णुता एक नव्हेत. एक आचारातील व्याघात झाकून टिकविते. दुसरी तो उघडपणे नोंदवून, त्याचे निराकरण होईपर्यंत बाकीच्या विचाराचे रक्षण करते. हा भेद ध्यानात ठेवला, तरच या शाखेचा अभ्यास आपल्याकडे फलदायी होईल.